पावसाळ्यासह १२ महिने

[दृश्य: बीड रेल्वे स्थानक, फलाटावरची गर्दी]

१७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. या दिवशी बीड आणि अहिल्यानगर रेल्वेनं जोडली गेली. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५ साली. तेव्हाचा अंदाजित खर्च होता ३५३ कोटी रुपये. पुढे तो ४,८०५ कोटींवर गेला. रेल्वे येणार, रेल्वे येणार म्हणत बीडची एक पिढी म्हातारी झाली. आणि गाडी बीडला लागली त्या दिवशीही परळीपर्यंतचं काम बाकीच होतं.

या ३० वर्षांत जमीन तुकड्यातुकड्यानं ताब्यात आली, निधी कधी आला, कधी अडला. दोष कुणाचा, याची चर्चा पारापारावर झाली. पण एखादं बांधकाम लांबलं की गेलेले दिवस कुणाच्या खात्यावर टाकायचे, हे ठरवायची एक रीत असते. ती करारातच लिहिलेली असते. ज्यांच्या रस्त्यासाठी, पुलासाठी तो करार होतो, त्यांना ती माहीत असायलाच हवी. म्हणून रेल्वेचं अजस्र काम बाजूला ठेवून आपण एका ओढ्यावर जाऊ.

[दृश्य: ओढ्याचं पात्र, पुलाचे अर्धवट उभे खांब (पिअर), गंजू लागलेल्या सळया]

असा पूल गेवराईकडे दिसेल, परांड्याकडे दिसेल, औशाकडेही. दोन काठांना अबटमेंट म्हणजे टोकांच्या आधारभिंती, मधे पिअर, वर स्लॅब, दोन्हीकडे जोडरस्ता. निविदेत मुदत दिलेली असते: १२ महिने, पावसाळ्यासह. म्हणजे पावसाचे चार महिने त्या बारांतच धरलेले. पाऊस झाला म्हणून आपोआप सवलत नाही.

समजा, कार्यारंभ आदेश जूनमध्ये हातात पडला. इथली जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस झाला की ती फुगते. पोकलेन रुततो, खडीचा हायवा वाटेतच अडकतो. या मातीवर पाया ठेवता येत नाही. ती काढून कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जावं लागतं. ओढा वाहता असेल तर खड्ड्यात पाणी झिरपत राहतं, इंजिन लावून उपसा करत राहावं लागतं. काम खरा जोर धरतं ते दिवाळीनंतर. तोवर बीड-धाराशिवकडची हजारो कुटुंबं कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात, आणि खोदाईला, सेंट्रिंगला म्हणजे काँक्रीटचे साचे बांधायला माणसं शोधत फिरावं लागतं.

सार्वजनिक बांधकाम खातं ठेकेदाराशी करतं तो बी-१ नमुन्यातला करार मात्र काळ सरळ फूटपट्टीनं मोजतो. पाव मुदतीत पाव काम, अर्ध्या मुदतीत अर्धं, पाऊण मुदतीत पाऊण. मागे पडलं तर दिवसागणिक दंड, आणि एकूण दंडाची कमाल मर्यादा अंदाजित किमतीच्या १० टक्के. जूनमध्ये आदेश मिळालेल्या आपल्या पुलाची पहिली पाव मुदत ऑगस्टअखेर संपते. तेव्हा पायाचा खड्डा पाण्यानं भरलेला असतो. मराठवाड्यातल्या पुलांचे आदेश दसऱ्याच्या आसपासच निघावेत आणि निविदेची सगळी प्रक्रिया त्या हिशेबानं पावसाळ्यातच उरकावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पैसा तेवढाच लागतो, काम एका मोसमात उभं राहू शकतं.

[दृश्य: जुन्या कालव्यावरचा जलसेतू]

हे दुखणं जुनं आहे. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडणारा जलसेतू, म्हणजे कालव्याचं पाणी नदीवरून पलीकडे नेणारा पूल, बांधायचा होता. काम सुरू करायची तारीख होती ५ जुलै १९५५, म्हणजे ऐन पावसाळा. मुदत १२ महिने. काम वेळेत झालं नाही आणि ऑगस्ट १९५६ मध्ये सरकारनं कंत्राट रद्द केलं. हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा त्यातून उभा राहिलेला खटला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९७९ साली.

न्यायालयानं म्हटलं, करारात मुदत लिहिली एवढ्यानं ती मुदत कराराचा गाभा ठरत नाही. त्याच करारात उशिराबद्दल दंडाची तरतूद आहे, मुदतवाढीचीही आहे. याचा अर्थ काम तारखेनंतरही चालू राहू शकतं, हे दोन्ही बाजूंनी धरलेलंच होतं. मग एकदम कंत्राट मोडता येणार नाही. आधी वाजवी अशी नवी मुदत ठरवून द्यावी लागेल, तशी नोटीस द्यावी लागेल. ठरल्या वेळेत काम झालं नाही तर काय, हे सांगणारं १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ५५ इथे लागू होतं. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी खात्यांच्या ध्यानात अनेकदा उशिरा येते: मुदत गाभ्याची असूनही उशिरा झालेलं काम मुकाट्यानं स्वीकारलं, नुकसानभरपाई मागणार असल्याचं तेव्हाच कळवलं नाही, तर नंतर ती मागता येत नाही.

[दृश्य: साइटवरचं पत्र्याचं ऑफिस, टेबलावर उघडी नोंदवही]

आता ही वही जवळून पाहा. अडथळ्यांची नोंदवही, साइटवर तिला हिंडरन्स रजिस्टर म्हणतात. रकाने साधे आहेत. अडथळा कोणता, कधी सुरू झाला, कधी दूर झाला, दिवस किती, आणि शेवटी सह्या. समजा, पहिली नोंद अतिवृष्टीची, १ ते २० सप्टेंबर, २० दिवस. दुसरी नोंद विजेचे खांब न हलवल्याची, १० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर, २६ दिवस. बेरीज ४६ होते. पण १० ते २० सप्टेंबर हे ११ दिवस दोन्ही नोंदींत आलेत. ते एकदाच धरायचे, म्हणजे खरे अडलेले दिवस ३५.

त्यातही पारख लागते. खांब जोडरस्त्याच्या आड येत असतील आणि पिअरचं काम बिनधोक चालू राहू शकत असेल, तर त्या खांबांमुळे पूल एक दिवसही लांबत नाही. ज्या कामावर पुढची सगळी कामं अडून आहेत, तिथे गेलेला दिवसच मुदतीत मोजायचा.

बी-१ करारानुसार मुदतवाढीचा अर्ज अडथळा आल्यापासून ३० दिवसांत कार्यकारी अभियंत्याकडे लेखी जावा लागतो. प्रत्यक्षात काय होतं? फोनवर बोलणं होतं, साहेब भेटीला येतात, ‘बघू’ म्हणतात. वर्ष सरतं आणि अंतिम देयकाच्या वेळी मागच्या तारखा आठवून वही भरायला घेतात. अशा वहीवर कुणी विश्वास ठेवू नये. अडथळा आला त्याच दिवशी शाखा अभियंता आणि ठेकेदाराचा माणूस, दोघांनी सही केली, तर पुढची निम्मी भांडणं उभीच राहणार नाहीत. प्रामाणिक ठेकेदार त्यानं वाचतो आणि निमित्तं सांगणारा उघडा पडतो.

[दृश्य: पूर्ण झालेला स्लॅब, दोन्ही टोकांना मातीचा उतार, खालून जाणाऱ्या दुचाकी]

स्लॅब पडला, म्हणून पूल झाला का? जोडरस्त्याच्या जागेचा मोबदला अडलेला असेल, तर माणसं खालून ओढ्यातूनच जातात. करार तर याहून बारीक पाहतो. परांची उतरवल्याशिवाय, उरलेलं साहित्य आणि राडारोडा हलवल्याशिवाय, कामाची मोजमापं घेतल्याशिवाय काम पूर्ण धरता येत नाही. मग कार्यकारी अभियंत्याचा दाखला निघतो.

त्या दाखल्यावरची तारीख गावाच्या उपयोगाची आहे. दोष दायित्व कालावधी तिथून मोजला जातो. त्या काळात तडा गेला, भराव खचला, तर ठेकेदारानं ते स्वखर्चानं दुरुस्त करायचं. कामाच्या फलकावर सुरुवातीची तारीख असते, मूळ मुदत असते. मिळालेली मुदतवाढ, तिचं कारण आणि पूर्णत्वाची तारीख बहुतेक फलकांवर नसते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली ही माहिती मागता येते, आणि मागावी. पण रंगाचा एक डबा आणि अर्ध्या तासाचं काम आहे. या तीन ओळी खात्यानं प्रत्येक फलकावर लिहाव्यात, म्हणजे भराव खचल्यावर दुरुस्ती कुणाच्या खर्चानं व्हायची, ते सरपंचाला फलकापाशी उभं राहूनच सांगता येईल.