डुलॅली म्हणजे आपली देवळालीच!

नमस्कार नाशिककर मंडळी! आज इंग्रजीतल्या एका शब्दाबद्दल बोलायचंय, पण लगेच चॅनल बदलू नका, शब्द घरचाच आहे.

झालं असं की माझा भाचा असतो इंग्लंडला, परवा त्याचा फोन, म्हणे मामा, आज ऑफिसात साहेब एकाबद्दल म्हणाला 'ही हॅज गॉन डुलॅली', म्हणजे याचं डोकं फिरलंय, आणि डिक्शनरीत बघतो तर डुलॅली म्हणजे आपली देवळाली! मी म्हटलं, काहीही फेकू नकोस. पण खरंच निघालं की!

इंग्रजांच्या काळात देवळाली कॅम्पात गोऱ्या शिपायांचा ट्रान्झिट कॅम्प होता. नोकरीची मुदत भरली की शिपायाला इथे आणून ठेवायचे, मग मुंबई बंदर आणि बोटीने विलायत. आता त्या बोटी सुटायच्या फक्त थंडीच्या मोसमात, मार्चपर्यंत वगैरे, म्हणजे ज्याची मुदत एप्रिलात भरली तो बसला पार दिवाळीपर्यंत. हातात बंदूक नाही, धड काम नाही, नुसतं बसायचं. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाच्या १९३६ साली छापलेल्या आठवणींत आहे, की एरवी एकदम सरळ असलेले शिपाईसुद्धा इथे कंटाळून काहीतरी भानगड करायचे आणि घरी जायच्या आधी जेलात जायचे.

मूळ शब्द होता 'डुलॅली टॅप'. टॅप म्हणजे नळ नाही बरं का, हिंदुस्तानीतला तप, म्हणजे आपला ताप! 'डोक्याला ताप झालाय नुसता' असं आपण रोज म्हणतोच की. पुढे इंग्रजांनी ताप दिला सोडून आणि गावाचं नाव तेवढं धरून ठेवलं. मला हे जरा खटकतं, घोळ सगळा बोटींच्या टाइमटेबलचा आणि नाव खराब झालं देवळालीचं, जिथे लोक मुद्दाम हवापालटाला येतात, सॅनिटोरियममध्ये महिनामहिना राहून ठणठणीत होऊन जातात.

आमची आत्या कॅम्पातच राहते, लॅम रोडजवळ. तिला हे सगळं सांगितलं तर ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "अरे, सहा महिने रिकामं बसवलं तर तुझे मामासुद्धा डुलॅली होतील, रिटायर झाल्यापासून बघतेय ना मी!"