फादर हान्स क्युंग, मतभेदांसकट

श्रोतेहो, नमस्कार.

श्रद्धांजलीच्या भाषणांना मी सहसा कंटाळतो. हयातभर ज्याच्याशी पटलं नाही, तोच माणूस गेल्यावर एकदम थोर ठरतो. मेल्या म्हशीला मणभर दूध! आज ज्या कॅथलिक धर्मगुरूंबद्दल बोलणार आहे, त्यांच्या बाबतीत मी हे करणार नाही. केलं असतं तर त्यांनाच ते रुचलं नसतं. बोलायचंय ते ईशज्ञानाचे, म्हणजे देव आणि धर्मश्रद्धेच्या शास्त्राचे, अभ्यासक फादर हान्स क्युंग यांच्याविषयी. जन्म 19 मार्च 1928, स्वित्झर्लंड. मृत्यू 6 एप्रिल 2021, जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहरात, स्वतःच्या घरी. त्र्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि त्यातली सहासष्ट वर्षं ते धर्मगुरू होते.

मी स्वतः कॅथलिक आहे. फादर क्युंग यांचं बरंचसं लिखाण मला पटलेलं नाही, आणि त्यातलं काही तर मनाला लागलेलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या 1962 ते 1965 या काळातल्या सभेत, बिशपांना सल्ला देणारे दोन तरुण अभ्यासक होते. एक क्युंग, दुसरे योझेफ रात्सिंगर. पुढे ट्युबिंगेन विद्यापीठात क्युंग यांनीच पुढाकार घेऊन रात्सिंगरना प्राध्यापक म्हणून आणलं. क्युंग आल्फा रोमिओ गाडीतून फिरायचे, रात्सिंगर सायकलवरून. या तपशिलावर लोकांनी फार रंग चढवलाय, पण स्वभावातला फरक त्यात दिसतो खरा. 1969 मध्ये विद्यार्थी आंदोलनाच्या गदारोळाला विटून रात्सिंगर रेगेन्सबुर्गला निघून गेले. क्युंग ट्युबिंगेनलाच राहिले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बाँब टाकला.

श्रद्धा आणि नीतीच्या बाबतीत पोप सर्वोच्च अधिकाराने अंतिम निर्णय जाहीर करतात तेव्हा ते चुकू शकत नाहीत, असं 1870 च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवलं होतं. बरोबर शंभर वर्षांनी क्युंग यांनी पुस्तक लिहून विचारलं, खरंच असं आहे का? कृत्रिम संततिनियमनाला मनाई करणारं पोपचं 1968 चं परिपत्रक ही त्यामागची ताजी ठिणगी. प्रश्न विचारायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती सुराला. उत्तर आधीच खिशात ठेवून विचारलेला प्रश्न वाटतो तो मला. पोपच्या अचूकपणावर शंका घेणाऱ्या या माणसाला स्वतःच्या अचूकपणाबद्दल मात्र फारशी शंका नव्हती.

18 डिसेंबर 1979 रोजी रोमने कॅथलिक ईशज्ञान शिकवण्याची त्यांची परवानगी काढून घेतली. रात्सिंगर तेव्हा म्युनिकचे आर्चबिशप होते आणि त्यांचा या निर्णयाला पाठिंबा होता. आता गंमत पाहा. जर्मनीत ईशज्ञानाचे प्राध्यापक सरकारी विद्यापीठाचे नोकर असतात, पण कॅथलिक विद्याशाखेत शिकवायला ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, संमती लागते. संमती गेली, तरी नोकरी काढून घेता येईना. मग विद्यापीठाने क्युंग यांची संशोधन संस्थाच कॅथलिक विद्याशाखेतून बाहेर काढून स्वतःच्या अखत्यारीत घेतली, आणि 1996 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथे शिकवत राहिले. त्यांचं धर्मगुरुपद कोणी काढलं नाही, त्यांनीही सोडलं नाही. ते मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करत राहिले.

मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो इथे आहे. त्यांना बाहेर पडणं फार सोपं होतं. नाव झालेलं, पुस्तकं खपत होती, सभागृहं भरत होती, टाळ्या हमखास होत्या. ‘मला यांनी हाकललं’ म्हणून उरलेलं आयुष्य त्याच भांडवलावर काढता आलं असतं. त्याऐवजी ते त्याच घरात राहून भांडले.

1993 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जागतिक नीतीचा, म्हणजे सर्व धर्मांना मान्य अशा समान नीतितत्त्वांचा, जाहीरनामा मंजूर झाला. त्याचा मसुदा त्यांचा. राष्ट्रांमध्ये शांतता हवी तर आधी धर्मांमध्ये शांतता हवी, हे त्यांचं आवडतं म्हणणं. हेतू उत्तमच. पण जे कोणालाच खटकत नाही, त्यावर सह्या करायला कोणाचं काय जातं, असं मला वाटत आलंय. माझे काही मित्र याबाबतीत मला खडूस म्हणतात. म्हणोत.

आणि मग 24 सप्टेंबर 2005. रात्सिंगर आता पोप सोळावे बेनेडिक्ट झालेले. आधीच्या पोपकडे क्युंग वर्षानुवर्षं भेट मागत राहिले, ती मिळाली नव्हती. बेनेडिक्टनी निवडून आल्यावर काही महिन्यांतच कास्तेल गांदोल्फोला, पोपच्या उन्हाळी निवासस्थानी, बोलावलं. चार तास बोलले, रात्री एकत्र जेवले. वादाचे मुद्दे उकरायचे नाहीत, हे आधीच ठरलेलं. विज्ञान आणि श्रद्धा, जागतिक नीती, यांवर गप्पा झाल्या. भेटीचं निवेदन खुद्द पोपनी लिहिलं आणि क्युंग यांना दाखवून मगच प्रसिद्ध केलं. दोघांनी एकमेकांचं मत पालटायचा प्रयत्न केला नाही. कोणी हटलं नाही, कोणी हरलं नाही.

या भेटीने क्युंग मवाळ झाले असं समजू नका. 2010 मध्ये त्यांनी जगभरच्या बिशपांना खुलं पत्र लिहून त्याच बेनेडिक्टवर सडकून टीका केली. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणं दाबली गेली, हा त्यातला मोठा मुद्दा. आणि इथे, सांगायलाच हवं, मी क्युंग यांच्या बाजूचा आहे.

शेवटच्या वर्षांत त्यांना पार्किन्सन झाला होता, नजरही अधू होत चालली होती. आपलं मरण कधी यावं हे ठरवायचा हक्क माणसाला आहे, असं ते उघडपणे म्हणत, स्वतःच्या बाबतीतही. एका धर्मगुरूच्या तोंडून ते ऐकताना मला त्रास झाला, आजही होतो. वेदना असह्य झालेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं किती कठीण आहे, हे मला कळतं. तरीही माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

1979 मध्ये गेलेली ती परवानगी त्यांना अखेरपर्यंत परत मिळाली नाही. बेनेडिक्ट त्यांच्यानंतर पावणेदोन वर्षांनी, 31 डिसेंबर 2022 रोजी, पंच्याण्णवाव्या वर्षी गेले. त्या दोघांचा वाद मिटला नाही. माझा आणि क्युंग यांचाही मिटलेला नाही. त्यांची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, आणि अजून चिडूनच वाचतो.

नमस्कार.