औषध लागू पडलं होतं, मग परत कसा आला?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांत कुणाचा कॅन्सर उलटला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘औषध लागू पडलं होतं, मग परत कसा आला?’ आणि ‘पथ्य नीट पाळलं नसेल.’ पहिला प्रश्न रास्त आहे. दुसरं वाक्य आजारी माणसाच्या फार जिव्हारी लागतं, आणि ते खरंही नाही.

१९७६ साली पीटर नॉवेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडलं, की गाठ एका पेशीपासून सुरू होते, पण पुढे एकसारखी राहत नाही. पेशीची विभागणी होताना डीएनएची नक्कल होते. तीत चूक राहिली, की त्या पेशीच्या सगळ्या वंशजांत ती उतरते. ग्वाल्हेरकरांना हे काय नवीन? आपल्या घराण्याच्या हस्सू खाँसाहेबांची गायकी वासुदेवबुवा जोशींकडे आली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, पुढे विष्णु दिगंबरांकडे. मधल्या एखाद्या गुरूने बंदिशीतली एक जागा बदलली, तर ती त्याच्याच शिष्यांच्या गळ्यात सापडेल, गुरुबंधूंच्या शिष्यांत नाही. इतक्या सुंदर परंपरेचा दाखला या रोगासाठी देताना जीभ अडखळते, पण वंशावळ वाचायची रीत तीच. गाठीच्या निरनिराळ्या भागांतले तुकडे तपासायचे. सगळीकडे दिसते ती चूक जुनी, एकाच कोपऱ्यात दिसते ती बहुधा नंतरची.

डीएनएचं एखादं अक्षर चुकणं वेगळं आणि अख्खं गुणसूत्र हरवणं वेगळं. मला दुसऱ्याची धास्ती जास्त. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. लहान मुलांच्या डोळ्यात होणारा रेटिनोब्लास्टोमा घ्या. त्याला दोन आघात लागतात, हे आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ मध्ये मांडलं. आरबी१ हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असतं. त्याची एक प्रत बिघडली, तरी दुसरी पेशीला आवर घालते. पण विभागणीच्या वेळी चांगली प्रत असलेलं गुणसूत्रच वाटणीत हरवलं, की लगाम सुटतो. गुणसूत्राबरोबर शेकडो जनुकं जातात, त्यामुळे अशा पुष्कळ पेशी तगत नाहीत. मात्र सतराव्या गुणसूत्रावरचं टीपी५३ हे जनुक आधीच निकामी झालेलं असेल, तर त्यांना अडवणारा पहारेकरीच उरलेला नसतो.

आता औषधाकडे येऊ. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरवर इमॅटिनिब २००१ पासून असंख्य माणसांना जगवत आलं आहे. काहींच्या पेशींत मात्र, ते ज्या प्रथिनात बसतं, त्याच्या साखळीतला ३१५वा दुवा बदललेला असतो. औषधाला तिथे बसायला जागाच राहत नाही. अशा मूठभर पेशी उपचाराच्या आधीपासूनही असू शकतात. बाकीच्या मेल्या, की मोकळं रान त्यांना मिळतं. यात पथ्य कुठे आलं?

आजार उलटल्यावर डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात, तेव्हा ‘एकदा झाली होती की’ म्हणून ती टाळू नका. जुना रिपोर्ट जुन्या फांदीचा असतो. ३१५वा दुवा बदललेल्या सीएमएलवर चालणारं पोनॅटिनिब हे औषध आहे, पण तो बदल कळायला आजचं रक्त तपासावं लागतं, तीन वर्षांपूर्वीचं नव्हे.