बारावी, दोनशे तास आणि पदवीचा रकाना

(दृश्य : गोंदूरची धावपट्टी, उजाडताना. हँगरचं दार सरकतं. दाराचा आवाज तसाच ठेवायचा, निवेदन त्यानंतर.)

धुळे शहराला लागून असलेलं गोंदूर. ऊन चढलं की इथली हवा तापते आणि छोटं विमान उतरताना चांगलंच हलायला लागतं. म्हणून सकाळच्या पहिल्या फेऱ्यांसाठी सगळ्यांची धडपड. सेसना १७२ बाहेर काढलं जातंय. हातानं ओढून. चार आसनं, एक इंजिन, आणि पुढं एक पंखा.

ही मुलगी अमळनेर तालुक्यातली. दहावी मराठी माध्यमातून, बारावी सायन्स. तिला प्रवासी विमान चालवायचं आहे. कॉलेजात तिनं नाव घातलेलं नाही, आणि गावात सगळ्यांची अडचण तीच आहे. पायलट म्हणजे मोठं काम, मग डिग्री कुठली?

(दृश्य : पंखाखाली वाकलेली मुलगी, हातात पारदर्शक नळी. क्लोजअप. घाई करू नका, हा शॉट पूर्ण जाऊ द्या.)

पंखाच्या पोटाशी एक छोटा निचरा असतो. तिथं नळी दाबली की टाकीच्या तळाचं इंधन तिच्यात उतरतं. ती नळी आता आभाळासमोर धरून बघते आहे. हे इंधन एव्हगॅस, रंगानं निळसर. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते जड असल्यामुळं खाली बसतं आणि निळ्या रंगाखाली बिनरंगाचा थेंब वेगळा दिसतो. दिसला की ओतून द्यायचं, पुन्हा काढायचं, थेंब दिसेनासा होईपर्यंत. मग दुसरा निचरा. मग पलीकडचा पंख. पाण्यानं हवेत इंजिन बंद पडू नये म्हणून ही नळी.

पुढं ती पंख्याच्या पात्यावरून तळवा फिरवते. धावपट्टीवरचा खडा उडून पात्याला टवका पडला असेल तर तो डोळ्याआधी हाताला कळतो. पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी वरखाली करून बिजागरी तपासते. पंखाखाली वेग मोजणारी एक वेगळी नळी असते, तिच्यावरचं लाल फीत लावलेलं टोपण काढून खिशात ठेवते. ते टोपण राहिलं, तर काटा खरा वेग दाखवणारच नाही.

(दृश्य : इंजिन सुरू. इथं निवेदन थांबेल. विमान उचललं जाईपर्यंत फक्त आवाज.)

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो. जुहू.)

गोंदूरला उड्डाण शिकवणारा बॉम्बे फ्लाइंग क्लब मूळचा जुहूचा. सुरुवात १९२८. पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, या क्लबात शिकलेल्या एका तरुणाला वैमानिकाचा परवाना मिळाला. क्रमांक एक. हे जे. आर. डी. टाटा. पुढं १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, अहमदाबादमार्गे, पस मॉथ नावाच्या एवढ्याशा विमानातून ते जुहूला उतरले आणि या देशातली विमानसेवा सुरू झाली. जेआरडींना केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायचं होतं. वडिलांनी मुंबईला कंपनीत बोलावून घेतलं आणि ते राहूनच गेलं. एअर इंडिया ज्यांच्या हातून उभी राहिली, त्या माणसाकडे पदवी नव्हती.

जेआरडींच्या घरात पैसा होता, हे खरंच. पण आपण आत्ता कागदाबद्दल बोलतोय.

(दृश्य : टेबलावर पसरलेले कागद. वरून घेतलेला शॉट.)

तर कागद बघू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, डीजीसीए मागतं ते हे. वय अठरा पूर्ण. बारावी पास, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका खऱ्या असल्याचं बोर्डाचं पडताळणीपत्र. हे पत्र मिळवायला बोर्डाच्या कार्यालयात किती हेलपाटे पडतात ते इथल्या कुठल्याही मुलाला विचारा. मग क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी. परीक्षेला बसण्यासाठीचा कॉम्प्युटर नंबर. पदवीचं प्रमाणपत्र या टेबलावर कुठंच नाही, कारण ते मागितलेलंच नाही.

एके काळी तर बारावीही लागत नव्हती. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत दहावीवर काम भागायचं. विज्ञानाची अट नंतर आली. त्यामुळं आज कॉमर्स किंवा आर्ट्सवाली मुलं मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, भौतिकशास्त्र आणि गणित हे दोनच विषय देऊन इकडं वळतात. ही अट काढावी का, यावरही २०२५ मध्ये चर्चा झाली.

घोटाळा होतो तो हवाई दलामुळं. पदवीनंतर एएफकॅट किंवा सीडीएस देऊन हवाई दलात जाता येतं, त्या वाटेला पदवी लागतेच. एनडीएतून बारावीनंतर जाता येतं, पण तिथंही प्रशिक्षणासोबत पदवी घ्यावी लागते. गावातले लोक या वाटा ऐकून असतात आणि तोच नियम नागरी विमानाला लावतात.

(दृश्य : वर्ग. फळ्यावर वाऱ्याचा त्रिकोण. मुलीच्या हातातली गोल चकती, क्लोजअप.)

हातात फिरते आहे ती नेव्हिगेशनची चकती. वारा कुठून येतो, किती जोराचा आहे, विमानाचा वेग किती, हे तिच्यावर जुळवलं की नाक किती अंश वळवून धरायचं ते मिळतं. खालून जाणारी तापी ठरलेल्या मिनिटाला दिसली नाही, तर गणित कुठंतरी चुकलं. डीजीसीएच्या लेखी परीक्षेचे विषय हे : एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येक विषयात किमान ७० टक्के. पस्तीस टक्क्यांच्या सवयीनं आलेला पहिल्या पेपरलाच भानावर येतो.

(दृश्य : हॉस्टेलची खोली. मुलगी एकटी, हातात मोबाइल माइकसारखा धरून मोठ्यानं बोलते आहे. मूळ आवाज.)

व्हिक्टर टँगो, आणि पुढची तीन अक्षरं. भारतातल्या विमानाची ओळख अशी सांगतात. समोरून आलेल्या निरोपातली धावपट्टी, क्यूएनएच म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा, हे एकही आकडा न गाळता परत म्हणून दाखवायचं. रेडिओवर बोलायचा परवाना वेगळा, आरटीआर. शिवाय इंग्रजीची पातळी, किमान लेव्हल फोर. मराठी माध्यमातल्या मुलांची खरी अडचण ही आहे. लिहिता येतं, वाचता येतं, पण खरखरत्या रेडिओवर कुणीतरी भरभर बोललं की पहिले दोन आकडे निसटतात. तीन वर्षं बी.एस्सी. करून ते सुटत नाही. रोज मोठ्यानं बोलून सुटतं. म्हणून ही आत्ता बोलते आहे, आणि शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडते आहे, तीही ठेवली आहे.

(दृश्य : लॉगबुक. पान उलटताना.)

हे लॉगबुक. तारीख, विमान, कुठून कुठं, किती वेळ. प्रशिक्षकासोबतचे तास एका रकान्यात, स्वतःच्या जबाबदारीवर उडवलेले दुसऱ्यात. पानाच्या खाली बेरीज आणि सही. सीपीएलसाठी एकूण २०० तास लागतात. त्यातले १०० पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर. क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबच्या ठिकाणी जाण्याचे, २० तास, आणि त्यात एक तरी उड्डाण ५४० किलोमीटरचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. दहा तास फक्त उपकरणांकडे बघून. रात्रीचे पाच.

(दृश्य : विमानातून. पांझरा, शहर, लळिंगचा डोंगर. थोडा वेळ नुसतं बघू द्या.)

विमान कंपनीची जाहिरात निघते तेव्हा ती हेच तास विचारते. सीपीएल चालू आहे ना, मल्टी-इंजिनचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान नुसत्या उपकरणांवर उडवायची मान्यता, आहे का, मेडिकल कधी संपतं, आणि बारावीत भौतिकशास्त्र-गणितात किती मार्क. बारावीचे मार्क तिथं पुन्हा निघतात, हे लक्षात ठेवलेलं बरं. मग लेखी परीक्षा, मानसिक चाचणी, मुलाखत, सिम्युलेटर. तिथं कॅमेरा नेता येत नाही, म्हणून ते इथं नाही. पदवी असेल तर अर्जात लिहा, नसेल तर तो रकाना मोकळा सोडा. पुढं १५०० तास झाले आणि एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचा परवाना, घेऊन कॅप्टन व्हायची वेळ आली, तरी शिक्षणाची अट बारावीचीच.

अमेरिकेत चित्र थोडं निराळं. तिथल्या एटीपी सर्टिफिकेटला, म्हणजे याच वरच्या परवान्याला, १५०० तास, पण मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानोड्डाणाची पदवी असेल तर हजारावर जमतं. म्हणजे तिथं पदवीचा भाव तासांत मोजला जातो. तरीही डेल्टासारख्या मोठ्या कंपनीनं २०२२ च्या जानेवारीत चार वर्षांच्या पदवीची सक्ती काढली. आपल्याकडं ही सूट नाही. कुठलीही डिग्री आणा, दोनशेचे एकशे नव्व्याण्णव होत नाहीत.

(दृश्य : शहरातले फलक. पायलट कोर्स, डिग्रीसह.)

पण फलक हे असे लागतात. सीपीएल आणि बी.एस्सी. एव्हिएशन, दोन्ही एकत्र. दोन्ही एकत्र करता येतं, त्यात खोटं काही नाही. पण 'डिग्रीशिवाय एअरलाइन घेत नाही' असं सांगून ती गळ्यात मारली जाते, तेव्हा आईबापांनी डीजीसीएचा नियम उघडून समोर ठेवावा. ज्यांना पदवी हवीच आहे ते इथं राहूनच नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून करतात, फी त्या मानानं किरकोळ.

(दृश्य : मुलीचे वडील, बांधावर. ते बोलत नाहीत. निवेदन कमी.)

सीपीएलचा खर्च पन्नास लाखांच्या घरात, टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट विमान चालवायची मान्यता, त्यावर वेगळं. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. परवाना हातात असून घरी बसलेले आहेत, मेडिकल गेल्यामुळं बसलेलेही आहेत, आणि त्यांना दुसरीकडं अर्ज करताना पदवी विचारली जाते.

(दृश्य : पुन्हा धावपट्टी. मुलगी उतरून लॉगबुक भरते आहे.)

आजचा एक तास दहा मिनिटं. रात्रीचे तास अजून बाकी आहेत, ते चांदणं असो नसो, यादीत नाव येईल तेव्हा. मग स्किल टेस्ट, मग मल्टी-इंजिन. मल्टी-इंजिनच्या तासाचा दर सेसनापेक्षा बराच जास्त, आणि त्याचा हप्ता पुढच्या महिन्यात भरायचा आहे.