पाचव्या पट्टीवर उभी राहिलेली रेसिंग कार: मासेराती टिपो 61

नमस्कार मंडळी. आधी हे बघा. चार लोखंडी पट्ट्या, कोपऱ्यांत चार स्क्रू. झाला चौकोन. आता कोपऱ्यावर नुसतं बोट दाबतो... गेला ना तिरका? आता कर्णावर ही पाचवी पट्टी बसवतो. दाबा कितीही, हलत नाही. कारण आता आत दोन त्रिकोण आहेत, आणि एखादी बाजू वाकल्याशिवाय किंवा तुटल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही.

आजची गाडी, मासेराती टिपो 61, या पाचव्या पट्टीची आहे.

1957 च्या अखेरीस इटलीतल्या मोदेनाच्या मासेराती कंपनीनं पैशाअभावी स्वतःची रेसिंग टीम बंद केली. इतरांसाठी रेसिंग गाड्या बनवणं मात्र चालू ठेवलं. समोर फेरारी होती: बारा सिलिंडर, तीन लिटर, 300 च्या आसपास हॉर्सपॉवर. मासेरातीचे मुख्य इंजिनिअर जुलिओ अल्फिएरी यांच्या हाताशी होतं जुन्या 200एस गाडीवरून वाढवत आणलेलं चार सिलिंडरचं इंजिन. 2.9 लिटरपर्यंत नेऊनही ताकद साधारण 250 हॉर्सपॉवर. ताकदीत बरोबरी होणार नव्हती, म्हणून अल्फिएरी वजनाच्या मागे लागले.

त्या काळी चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, थोड्याच, पण जाडजूड नळ्यांचा असायचा. अल्फिएरींनी वापरल्या जवळपास 200 नळ्या, बऱ्याचशा बोटाएवढ्याच जाड. जिथे चौकोन दिसेल तिथे आडवी नळी टाकून त्रिकोण केला. त्रिकोणातल्या नळीवर मुख्यतः ताण येतो किंवा दाब, वाकवणारा जोर फारसा येत नाही. म्हणूनच ती इतकी बारीक चालते. पूर्ण गाडी भरली सुमारे 600 किलो! काचेतून आत डोकावलं की नळ्यांचं जाळंच दिसतं, म्हणून लोकांनी नाव ठेवलं ‘बर्डकेज’, म्हणजे पक्ष्याचा पिंजरा.

आता बॉनेट बघा, किती खाली आहे. त्यासाठी इंजिन 45 अंशांत आडवं कललंय, आणि ऑइल वेगळ्या टाकीत ठेवल्यामुळे इंजिनाखाली ऑइल साठवायचं खोल भांडंही (संप) नाही. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढे-मागे वाटलं गेलं. चारही चाकांना डिस्क ब्रेक.

किंमत मोजावी लागलीच. इतके जोड म्हणजे वेल्डिंगला तडे जायच्या तितक्याच जागा, आणि दुरुस्तीला हात घालायचा तरी कुठून? मला तरीही ही त्या काळातली सगळ्यात हुशार चेसिस वाटते, आणि त्याला कारण आहे जर्मनीतला नुर्बुर्गरिंग हा रेसिंग ट्रॅक.

1960 ची 1000 किलोमीटर शर्यत. अमेरिकन कामोरादी टीमची टिपो 61, चालवायला स्टर्लिंग मॉस आणि डॅन गर्नी. गाडी आघाडीवर असताना ऑइलचा पाइप फुटला, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, बराच वेळ गेला. ट्रॅकवर धुकं. वळणांमागून वळणं असलेल्या त्या रस्त्यावर हलकी गाडी पुन्हा पुढे आली आणि जिंकली. पुढच्या वर्षी तिथेच मास्टन ग्रेगरी आणि लकी कॅस्नर यांनी टिपो 61 वरच तीच शर्यत मारली.

तोवर रेसिंगमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मागे जायला लागलं होतं. मासेरातीनंही टिपो 63 मध्ये ते मागे नेलं. नळ्यांचं जाळं मात्र तेच ठेवलं.