ज्ञानेश्वरातला ‘डी’

(दृश्य: इंदूर, मालवा मिलचा भाग. रविवारची सकाळ. पोह्यांच्या गाडीवर वाफ, बाजूच्या ओट्यावर कागदांनी फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या.)

रविवारी सकाळी आम्ही तिघी-चौघी लोकांची सरकारी कागदांची अडलेली कामं बघायला या ओट्यावर बसतो. लोक येतात ते पिशवी घेऊन. पिशवीत आधार, समग्र आयडी (म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीचा नंबर), दवाखान्याच्या चिठ्ठ्या, आणि कधीकधी सुनेची लग्नपत्रिकासुद्धा. ती कशाला लागते, ते पुढे येईलच.

हा गिरणीवाल्यांचा भाग. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली आणि तिथल्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत या गल्ल्यांमधल्या बायकांनी चार-चार घरची भांडी घासून संसार ओढले.

त्यातल्याच एक काकू. घरात माणसं पाच: काका, काकू, मुलगा, सून आणि दोन वर्षांची नात. काकांना हर्नियाचा त्रास. ऑपरेशन सांगितलेलं, आणि सरकारी योजनेतून मोफत उपचारांसाठी लागणारं आयुष्मान कार्ड काही बनत नव्हतं. का? तर नाव जुळत नाही.

काकांचं नाव ज्ञानेश्वर. इंग्रजीत आपण मराठी माणसं ते ‘डी’ने सुरू करतो. इथला कॉम्प्युटर ऑपरेटर त्याच्या हिंदी उच्चाराप्रमाणे, ‘ग्यानेश्वर’ म्हणून, ‘जी’ने लिहितो. आधारवर डी, समग्रमध्ये जी. मशीनच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. इंदूरच्या किती मराठी घरांत हा ज्ञ आडवा येतो, ते या ओट्यावर बसल्यावर कळतं.

दोन महिने मुलगा रोजी बुडवून हेलपाटे घालत होता. एका कार्यालयातून दुसऱ्या, तिथून परत पहिल्या. आणि या सगळ्यात काकांना कुणी वयच विचारलं नव्हतं.

काका एकाहत्तर वर्षांचे आहेत.

29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान योजना लागू आहे. उत्पन्नाची अट नाही, पात्रतेच्या यादीत नाव असण्याची अट नाही. आधारवर पडताळणी झाली की वय वंदना कार्ड निघतं. जे काम दोन महिने अडलं होतं, ते या ओट्यावर, मुलाच्याच मोबाईलवर झालं. काकू कितीतरी वेळ त्या स्क्रीनकडे बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. हा साधा प्रश्न आधी कुणीतरी विचारायला हवा होता.

(दृश्य: दवाखान्याची खिडकी, ‘आयुष्मान’ची पाटी.)

कार्ड हातात आलं तरी एक गोष्ट आम्ही प्रत्येकाला दोनदा सांगतो. दवाखाना योजनेतला आहे ना, हे आधी विचारा, आणि भरती होतानाच कार्ड दाखवा. खिशातून बिल भरून नंतर पैसे परत मागता येत नाहीत. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च योजना उचलते, पण भरती होऊन घेतलेल्या उपचारांचा. नुसत्या तपासणीचा नाही. घरी सोडल्यावर पंधरा दिवसांची औषधंही त्यातच येतात. कुणी पैसे मागितलेच, तर 14555 वर फोन करा.

काकांचं ऑपरेशन झालं. एक रुपया लागला नाही.

आता रेशन. काकू अजूनही ‘कंट्रोल’च म्हणतात. त्यांच्या पात्रता पर्चीवर, म्हणजे ज्या चिठ्ठीवर रेशन मिळतं तिच्यावर, तीनच नावं होती. सून लग्न होऊन आली, पण समग्रमध्ये ती अजून माहेरीच. तिथून काढून सासरच्या कुटुंबात तिचं नाव चढवावं लागतं, आणि त्यातून लग्नात नाव बदललेलं असलं की पत्रिका, फोटो, जे असेल ते पुढे करावं लागतं. आईचंच नाव नाही, म्हणून नातीचंही राहिलं. माणशी पाच किलो. म्हणजे दर महिन्याला दहा किलो धान्य या घराच्या वाट्याला आलंच नाही.

शेजारची एक बाई म्हणाली, फुकटचं कशाला मागायचं? मी तिला म्हटलं, ताई, 2013 साली संसदेने अन्नसुरक्षेचा कायदा केलाय. हे भीक मागणं नव्हे.

(दृश्य: रेशन दुकान. मशीनवर टेकलेला अंगठा, जवळून.)

हा काकूंचा अंगठा. राखेनं, साबणानं रेषा झिजून गुळगुळीत झालाय. एकदा लावला, नाही. पदराला पुसून पुन्हा लावला, नाही. अंगठा उमटला नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही, अशा केंद्राच्या 2017 पासूनच्या सूचना आहेत. बाईला परत पाठवतात तेव्हा त्या कुणाला आठवत नाहीत. म्हणून आमच्यातली एक जण सोबत जाते. काही करत नाही, नुसती शेजारी उभी राहते. तेवढ्यानेही फरक पडतो.

(दृश्य: एमपी ऑनलाईनचं, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारं दुकान. संध्याकाळ.)

सुनेचं आणि नातीचं नाव चढवायचा अर्ज गेला. राहिला काकांचा ज्ञ. पर्चीत तो अजून ‘जी’नेच आहे. टाके नुकतेच वाळलेत, तरी काका स्वतः आलेत. खुर्ची दिली तर बसले नाहीत. ऑपरेटरच्या खांद्यामागे उभे राहून, स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर सांगतायत.

“डी. लिहिलं? आता एन. मग वाय.”