माकडाची जीभ आणि आपली जीभ

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावहून खानापूरकडे किंवा जांबोटी-कणकुंबीच्या वाटेला लागलं, की दोन जातींची मंडळी भेटतात. डोक्यावर केसांचा भांग असलेलं तपकिरी माकड आणि काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर. रताळी-भुईमुगाच्या रानात दोघांचाही उपद्रव होतो, म्हणून शेतकरी दोघांनाही एकाच शिवीने हाकलतो. पण त्यांची तोंडं आतून फार वेगळी आहेत.

माकडाच्या दोन्ही गालफडांत मानेपर्यंत जाणाऱ्या पिशव्या असतात. हाताला लागेल ते भराभर तिथं कोंबायचं, झाडावर जाऊन बसायचं, मग जिभेने आणि हाताच्या दाबाने एकेक घास दातांखाली आणायचा. माकडाच्या लाळेत पिठूळ पदार्थ पचवणारा रस भरपूर असतो, त्यामुळे रताळ्याचं पचन गालातच सुरू होतं. वानराला या पिशव्या नाहीत. ते पानं जागेवरच चावतं आणि कप्प्याकप्प्यांच्या पोटात जिवाणूंकडून आंबवून घेतं. अशा पोटाला आपली बिस्किटं आणि केक सोसत नाहीत. कृपा करून ती देऊ नका.

जिभेवरचे उंचवटे मात्र आपल्यासारखेच आहेत. खरखरीत बारीक उंचवटे घास धरतात, टोकाकडचे गोल उंचवटे चव घेतात, आणि मागे खंदकाने वेढलेले मोठे उंचवटे असतात. हे मोठे उंचवटे माणसात साधारण 8 ते 12 असतात, माकडात मोजकेच. माकड-वानरांचाच लांबचा नातलग म्हणजे कर्नाटकच्या जंगलात रात्री फिरणारा, मोठ्या डोळ्यांचा लोरिस. त्याला जिभेखाली आणखी एक कडक जीभ असते. खालच्या पुढच्या दातांनी तो अंगावरचे केस विंचरतो आणि दातांत अडकलेले केस या दुसऱ्या जिभेने काढतो. मला तर ही निसर्गाची फार सुंदर सोय वाटते.

आता मुलं हमखास विचारतात तो प्रश्न. माकड बोलत का नाही?

1969 साली भाषाशास्त्रज्ञ फिलिप लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या माकडाच्या घशाचा साचा अभ्यासून सांगितलं, की त्याचा घसा आणि जीभ आपल्यासारखे स्वर काढूच शकत नाहीत. माकडाची जीभ लांबट, चपटी असते आणि जवळजवळ पूर्ण तोंडातच मावते. आपली जीभ मागे वळून घशात उतरते, शिवाय आपलं स्वरयंत्रही खाली असतं. कारण पटण्यासारखं होतं आणि बरीच वर्षं ते पाठ्यपुस्तकांत टिकलं.

2016 साली टेकमसे फिच आणि असिफ गझनफर या संशोधकांच्या गटाने जिवंत माकडाचं क्ष-किरण चित्रीकरण केलं. खाताना, जांभई देताना, आवाज काढताना त्याची जीभ किती आकार घेते, हे त्यात दिसलं. त्यावरून संगणकाने काढलेला निष्कर्ष असा, की वेगवेगळे पाच स्वर उमटवण्याइतकी मोकळीक त्या तोंडात आहे. अडचण मेंदूची आहे. मेंदूच्या वरच्या थरातून स्वरयंत्राच्या स्नायूंकडे जाणाऱ्या ज्या थेट जोडण्या माणसात असतात, त्या माकडात जवळजवळ नाहीतच.

तरी लय आहेच. ओळखीच्या माकडासमोर माकड ओठ पटापट मिटतं-उघडतं, सेकंदाला साधारण पाच वेळा. आपण बोलताना अक्षरंही जवळपास याच वेगाने पडतात. पिलाशी तोंड जवळ नेऊन हे करणारी माकडीण पुढच्या खेपेला घाटात दिसली, तर गाडी लांब उभी करा आणि तिच्या ओठांकडे नीट पाहा.